फिट्झ पडायचा तेव्हा

मर्ल आंटींनी माझ्या ताटात भात वाढता वाढता विचारलं, "मॅक्सीन, माझा फिट्झरॉय नाचायचा म्हणजे नक्की काय करायचा गं?"

या बाईंच्या शेजारच्या घरात मी वाढले. दर रविवारी चर्च सुटलं की त्यांना घरी सोडते, त्यांच्या हातचा राजमा-भात आणि कोंबडी खाते, मग निघते. पण फिट्झ गेल्यापासून या घरात नाचाचं नाव कुणी काढलेलं मी ऐकलं नाही. टीव्हीवर कुणी कंबर हलवली तरी आंटी चॅनेल बदलायच्या. आणि आता वाढपाचा चमचा हातात धरून सरळ हा प्रश्न.

फिट्झ गेला शहाऐंशीच्या जानेवारीत. मँचेस्टरला एका हॉलात नाचायला गेला होता. परत येताना डोंगरावरच्या रस्त्यावर बर्फात गाडी घसरली. पुढचे दोघं हातपाय मोडून वाचले, मागच्या सीटवरचा हा गेला. एकोणीस वर्षांचा होता. मला त्या दिवशी ताप होता म्हणून मी गाडीत नव्हते, एरवी त्याच्या शेजारची जागा माझी. दफनाच्या वेळी आंटींनी आम्हा सगळ्यांकडे बघून एकच वाक्य म्हटलं होतं, "तुमच्या नाचानं खाल्लं माझं पोरगं."

"आज एकदम कसं काय विचारलंत?" मी म्हटलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलंय. काचबिंदू. नाताळपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल म्हणाला." त्यांनी माझ्या ताटात कोंबडीचा तुकडा ठेवला. अंदाजानं ठेवला, तो भातावर न पडता काठावर पडला. "जिच्यापायी माझा मुलगा गेला ती गोष्ट मी एकदाही बघितली नाही. त्या आधी बघायची आहे. तुम्ही सगळे होतात ना त्याच्याबरोबर? मग दाखवा."

"दाखवते की आंटी, त्यात काय," असं मी म्हणून बसले. मी बस चालवते. बसचा ब्रेक माझ्या पायाखाली असतो, जिभेला मात्र देवानं बसवायचा राहिलाय.

घरी येताना डोक्यात प्रकाश पडला, की दाखवणार काय, कपाळ? फिट्झची स्टेप आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.

हे सांगायचं तर तेव्हाचं थोडं सांगायला लागेल. आमच्या हडर्सफील्डला तेव्हा गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना करायला काही नव्हतं. शनिवारी दुपारी आम्ही शॉपिंग सेंटरच्या आवारात जमायचो. आमच्यातल्या बोह्दानच्या काकांचं गालिच्यांचं दुकान होतं, तिथून जमिनीवर अंथरायच्या गुळगुळीत लिनोलियमचा उरलेला तुकडा मिळायचा. तो खांद्यावर गुंडाळून आणायचा मान बोह्दानचा. टेपरेकॉर्डर माझा, सेल ज्याच्या घरच्या घड्याळातून निघतील त्याचे. लिनो अंथरायचं, त्यावर फर्निचरचं पॉलिश मारायचं म्हणजे घसरायला बरं, आणि भोवती रिंगण धरायचं. मग एकेकानं आत जाऊन ब्रेकडान्स करायचा. कुणी डोक्यावर गरगर फिरायचं, कुणी पाठीवर. बोह्दानचे आजोबा युक्रेनहून आलेले. तो बसल्या बसल्या पाय फेकायचा ते थेट आजोबांच्या लग्नातल्या नाचासारखं दिसायचं आणि त्याला ते सांगितलं की तो चिडायचा. सिक्युरिटीवाला आला की लिनो गुंडाळून पळायचं. आम्ही स्वतःला लूम रॉकर्स म्हणवायचो. माझ्या जाकिटाच्या पाठीवर मी ते नाव स्वतः रंगवलं होतं, आणि आई म्हणाली होती की रंग फुकट घालवलास, दरवाजाला लावला असतास तर बरं.

मर्ल आंटींना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे फिट्झ नाचतो एवढं कळलं होतं, आणि त्याबद्दल त्यानं पट्ट्याचा मारही खाल्ला होता. चर्चमधल्या बाईचा मुलगा भर बाजारात जमिनीवर लोळतो, ही काय शोभा? मग तो कपडे आमच्या घरी ठेवायला लागला. चर्चचा शर्ट काढून आमच्या न्हाणीघरात ट्रॅकसूट चढवायचा, आणि परत जाताना उलटं.

आणि त्याची ती स्टेप. नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. तो रिंगणात यायचा, पायांचं काम चालू करायचा, सगळ्यांसारखंच. मग एकदम थांबायचा. एक हात बाजूला वर जायचा, काहीतरी पकडायला गेल्यासारखा, आणि ते हाताला लागायचं नाही. गुडघे सुटायचे. स्वतःभोवती पिळवटत तो खाली यायचा आणि गाल लिनोवर टेकून पडून राहायचा. अगदी गप्प. कुणी नवीन बघणारा असला तर धावत पुढे यायचा, की पोराला काही झालं. टेप चालू असायची, पण रिंगणातलं कुणी हलायचं नाही. आणि मग हात न टेकता, खांद्याच्या जोरावर, कुणीतरी कॉलर धरून वर ओढावं तसा तो उभा! बाकीची पोरं शेवटी हाताची घडी घालून रुबाब करायची. तो नुसता इकडेतिकडे बघायचा. आम्ही त्या स्टेपला 'सुटलेली बस' म्हणायचो, त्या वर गेलेल्या हातावरून. त्याला नाव आवडायचं नाही, पण दुसरं काही तो सांगायचाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं पाठ आहे तर करून दाखवायला काय हरकत होती? हरकत अशी, की आमच्यात दुसऱ्याच्या स्टेपला हात लावायचा नसे. पाठीवर फिरणं, डोक्यावर फिरणं हे सगळ्यांचं. पण एखाद्यानं स्वतःच्या डोक्यातून काढलेली स्टेप ही त्याची. ती दुसऱ्यानं केली तर आम्ही म्हणायचो, हा चावला. चोर परवडला, पण चावणारा नको. आणि फिट्झ गेल्यावर तर आम्ही थडग्याजवळ उभं राहून शपथ घेतली, की त्याची स्टेप त्याच्याबरोबर गेली, ती कुणी करायची नाही. घरी आरशासमोरसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, आपण त्याचा केवढा मान राखला. कसला मान, डोंबलाचा. आम्ही त्याला दुसऱ्यांदा पुरला.

व्हिडिओ म्हणाल, तर एकदा बोह्दानच्या चुलत भावानं कॅमेरा आणला होता. त्या कॅसेटवर नंतर त्याच्या बापानं फुटबॉलची मॅच घेतली. फोटो एक आहे. त्यात फिट्झचा एक बूट आहे आणि बाकी सगळं धुकं.

मी बोह्दानला फोन केला. तो आता काकांचं दुकान चालवतो, लोकांच्या घरात फरशी-गालिचे बसवतो, आणि गुडघ्यांना पट्टे बांधून हिंडतो. म्हणाला, "अगं, शपथ घेतली होती आपण."

"शपथ गेली चुलीत. त्या बाईंचे डोळे चाललेत."

दुकान बंद असताना आम्ही मागच्या गोदामात लिनो पसरलं. छप्पन-सत्तावन वर्षांची दोन माणसं, ट्रॅकसूट घालून, एकमेकांकडे बघायची लाज वाटत होती. मी म्हटलं आधी उजवा गुडघा सुटायचा. तो म्हणाला डावा. मी म्हटलं हात कानापाशी जायचा, तो म्हणाला नाही, छातीच्या उंचीवर. मी पडून दाखवलं.

"हे काय?" बोह्दान म्हणाला.

"फिट्झ."

"ही तू बसच्या पायरीवरून पडतेस."

"मग तू दाखव की, शहाण्या."

त्यानं दाखवलं. त्याचं पडणंसुद्धा आजोबांच्या लग्नातलं. आम्ही आधी हसलो, हसता हसता तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मॅक्सी, आपल्याला आठवतंय ते आपण बघितलेलं. अंगात काहीच नाही." मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं. अंगात यायला ती आधी करायला लागते. आम्ही इमानानं तिच्यापासून लांब राहिलो होतो.

मी लिनो गुंडाळायला घेतलं. आणि मग आम्हा दोघांच्या मनात एकच नाव आलं असणार, कारण मी तोंड उघडलं तेव्हा तो आधीच मान हलवत होता.

"त्याच्याकडे मी नाही जाणार," बोह्दान म्हणाला.

त्याचं नाव डेन्झिल. लीड्सचा. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात लीड्सला एका हॉलात त्यांची टोळी आणि आमची टोळी समोरासमोर होती. हा काटकुळा पोरगा रिंगणात आला, पाय हलवले, थांबला, हात वर गेला, आणि सगळ्यांच्या देखत त्यानं फिट्झची स्टेप केली. फिट्झ समोर उभा असताना! आमच्यात अशा वेळी भांडायचं नसे, पाठ फिरवायची. अख्ख्या रिंगणानं पाठ फिरवली, त्याच्या स्वतःच्या टोळीनंसुद्धा. तो जमिनीवर पडलेला होता आणि भोवती नुसत्या पाठी. त्यानंतर तो कुठल्याच हॉलात दिसला नाही. फक्त फिट्झनं तेवढी पाठ फिरवली नव्हती. नंतर गाडीत तो म्हणाला होता, "पडताना घाई करतो तो." बास, तेवढंच.

बोह्दान कुरकुरत का होईना, आला. डेन्झिलला शोधायला काही कष्ट पडले नाहीत. लीड्सच्या मार्केटात त्याचा बुटांच्या टाचा आणि किल्ल्या करायचा गाळा आहे, हे आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. आम्ही तिथून जाताना पलीकडच्या रांगेतून जायचो. आता केस पांढरे, नाकावर चष्मा. त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि हातातला बूट खाली ठेवला.

"चाळीस वर्षांनी आलात," तो म्हणाला. "बघायला, की पाठ फिरवायला?"

"मागायला आलोय," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. आंटी, डोळे, नाताळ, सगळं. बोह्दान किल्ल्यांच्या फळीकडे बघत उभा होता, जशी काही त्याला किल्लीच करून हवी होती.

डेन्झिलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चोरलीच होती मी. खोटं कशाला बोलू? एका शनिवारी तुमच्या गावाला आलो होतो मावशीकडे, तेव्हा बघितली. तेवढं सुंदर मी काही बघितलंच नव्हतं. सोमवारी शाळेत फळ्यावर काय लिहिलंय ते दिसेना, तोच पडताना दिसायचा. मला वाटलं, मी केली तर त्याला आवडेल. मूर्ख होतो."

"तो म्हणाला होता, तू पडताना घाई करतोस," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. चाळीस वर्षं पोटात होतं.

डेन्झिलनं चष्मा काढला. "असं म्हणाला? रागावला नाही?"

"नाही. तेवढंच म्हणाला."

तो किती तरी वेळ एप्रनच्या टोकानं चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, घाई होतेय हे त्याला स्वतःलाही कळलं होतं. पाठी फिरवल्यावर तो घरी गेला आणि खोलीचं दार लावून ती सावकाश करायला शिकला. दाखवायला कुणी उरलं नव्हतं तरी शिकला. लग्न झाल्यावरसुद्धा बायको कामाला गेली की करायचा. "एका खुब्याचा सांधा बदललाय आता. पण येतो मी. एक सांगतो, मी त्याचा मित्र म्हणून यायचो नाही. मी कोण, ते त्यांना आधी सांगायचं."

पुढच्या रविवारी जेवणानंतर तो आला. सूट घालून आला, दफनाला जावं तसा. मर्ल आंटी पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, खिडकीतलं ऊन समोर पडेल अशी खुर्ची त्यांनी माझ्याकडून सरकवून घेतली होती. डेन्झिल त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मिसेस प्राइस, मी तुमच्या मुलाची स्टेप चोरली होती. मला तिथून हाकलून दिलं ते बरोबरच होतं."

आंटींनी त्याच्याकडे मान थोडी तिरपी करून बघितलं, डोळ्याच्या कडेनं त्यांना जरा बरं दिसतं. "चोरलीस ना? मग दे परत," त्या म्हणाल्या. "मी बसलेय इथे."

मी टेपरेकॉर्डर नेला होता. त्यांनी हात वर केला. "ती गाणी नकोत माझ्या घरात. बघेन तेवढं पुरे."

डेन्झिलनं बुटाच्या टोकानं गालिचा चाचपला. "यावर नाही जमायचं. खालचं घट्ट आणि गुळगुळीत लागतं."

"मग किचनमध्ये करू," बोह्दान म्हणाला.

"किचनमध्ये नको," आंटी म्हणाल्या. असं काही म्हणाल्या, की डेन्झिलनं माझ्याकडे बघितलं. बोह्दान गाडीतून लिनोचा तुकडा घेऊन आला आणि काचेच्या कपाटाशेजारची टेबलं सरकवून त्यानं तो पसरला. मी आंटींच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

बोह्दाननं मांडीवर ताल धरला. डेन्झिलनं कोट काढून माझ्याकडे दिला आणि पाय हलवायला सुरुवात केली. आधी नुसताच म्हातारा माणूस होता, बूट घासणारा. मला वाटलं, कशाला आणलं आपण याला, बाईंना आणखी दुःख द्यायला? आणि मग तो थांबला.

हात वर गेला.

मी शपथेवर सांगते, तो फिट्झ होता. हात तिथेच गेला, कानापाशीही नाही आणि छातीपाशीही नाही. बोटं काहीतरी शोधत होती. ते लागलं नाही. गुडघे सुटले, दोन्ही एकदम नाही, एकामागून एक, आणि तो पिळवटत खाली आला, इतका सावकाश की बोह्दानचा ताल आपोआप थांबला. गाल लिनोवर टेकला. सतरा वर्षांचा फिट्झ माझ्यासमोर पडलेला होता आणि मला रडू आवरेना. मी आंटींचा हात धरायला गेले.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या.

"व्हर्नन," त्या म्हणाल्या.

व्हर्नन म्हणजे फिट्झचे वडील. मी त्यांना फोटोतच बघितलंय. आम्ही त्या गल्लीत राहायला यायच्या आधीच ते गेले होते, हृदयविकारानं, एवढंच मला माहीत.

"असाच होता तो," आंटी म्हणाल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या त्या. "मी कामावरून आले तेव्हा किचनमध्ये असाच पडलेला होता. गाल खाली. टेबलावरचं कापड ओढलं गेलेलं, कप फुटलेला. म्हणजे टेबल धरायला गेला होता. मला कधी कळलं नाही, कसा पडला. मी बघितला तो पडलेला." त्या थांबल्या. "फिट्झरॉय मागच्या अंगणात होता. चेंडू खेळत होता. मी विचारलं, डॅडी कधी पडले? तर म्हणाला, मला नाही माहीत मम्मी, मी बाहेर खेळतोय. नऊ वर्षांचा होता."

लिनोवर पडलेल्या डेन्झिलनंही ते ऐकलं असणार, पण तो हलला नाही.

"तो बघत होता गं मॅक्सीन," आंटी म्हणाल्या. "तो तिथेच होता. त्यानं सगळं बघितलं होतं."

दर शनिवारी आम्ही भोवती उभं राहून टाळ्या पिटल्या होत्या.

"आणि पुढे?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पुढे काय करायचा? उठायचा का तो?"

"उठायचा, आंटी. दरवेळी उठायचा. हातसुद्धा न लावता, एका झटक्यात. एकदाही पडून राहिला नाही."

डेन्झिलनं खांद्याला जोर दिला. कंबर जरा वर आली आणि परत खाली गेली. त्यानं पुन्हा करून बघितलं. त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. लोखंडाच्या खुब्यानं काय उठणार तो. बोह्दान पट्टे बांधलेल्या गुडघ्यांवर धावला, मीही उठले.

"हात लावू नका त्याला," आंटी म्हणाल्या.

आम्ही जागच्या जागी थांबलो. डेन्झिल एका कुशीवर वळला. तळहात टेकला, मग कोपर. गुडघा पोटाखाली घेतला, थोडा वेळ तसाच थांबला. कपाळावरून घामाचा थेंब लिनोवर पडला. मग त्यानं काचेच्या कपाटाची कड धरली, आतल्या बशा खुळखुळल्या, आणि अंग ओढत ओढत तो उभा राहिला. फिट्झच्या स्टेपमध्ये यातलं काही नव्हतं. आंटी मान तिरपी करून शेवटपर्यंत बघत होत्या, डोळ्यांत होती नव्हती तेवढी नजर लावून.

"मी त्याला पुन्हा विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "खेळत होतो म्हणाला, मी खरं धरलं. आणि पुढे नाचतो म्हणून पट्ट्यानं मारलं."

डेन्झिल कपाटाला धरून धापा टाकत होता. "माफ करा," तो म्हणाला, "शेवटचं नाही जमलं मला."

आंटींनी हात पुढे केला. तो हवेतच चाचपडत होता, तेव्हा डेन्झिल लंगडत पुढे आला आणि त्यानं आपला हात त्यात दिला. त्यांनी त्याची बाही वर सारली, कोपर चाचपलं, मग त्याला खाली वाकायला लावून गालावरून हात फिरवला, जो गाल जमिनीला टेकला होता त्यावरून.

"लागलं का रे बाळा तुला?" त्यांनी विचारलं.

आणि उत्तराची वाट बघत त्या तशाच बसून राहिल्या.